टिकाऊ विरजण

शेजारणीने वाटी पुढे केली तर तिला विरजण नाही म्हणायचं, अशी पद्धत आपल्याकडे नाही. साखर संपली म्हणून सांगता येतं, वेलदोड्यांबद्दल थाप मारता येते. विरजणाला काय कारण देणार? चमचाभर दही दिल्याने आपलं काही कमी होत नाही आणि घेणारीच्या पातेलंभर दुधाचं भलं होतं. पुण्याच्या संशोधकांनी त्यांच्या प्रयोगाचे नियम लिहिताना तापमानाचा, डब्यांचा, गाडीच्या ड्रायव्हरचा, सगळ्यांचा विचार केला होता. शोभा गावंडेचा मात्र केला नव्हता.

शोभा म्हणजे रजनी म्हैसनेची शेजारीण. अकोल्याच्या बाहेरच्या एका कॉलनीत दोघींची घरं एका भिंतीला लागून होती. वर्ष दोन हजार सेहेचाळीस. उन्हाळा आता होळीच्या आधीच सुरू होत असे आणि पारा अठ्ठेचाळीसला टेकला तरी पेपरात बातमी येत नसे. रजनीला साठी लागली होती. तिचे यजमान दिगंबरसर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते आणि दीड वर्षापासून आजारी होते. आतड्याच्या शेवटच्या टोकाला कॅन्सर.

गाठ रेडिएशनने जळत होती, हे खरं. पण गाठीबरोबर आतडंही जळत होतं. दोन-चार बैठका झाल्या की सरांच्या पोटात काही म्हणता काही टिकत नसे. रात्रंदिवस जुलाब, रक्त, ग्लानी. अशाने दोनदा उपचार अर्धवट सोडावे लागले आणि दोन्ही वेळा गाठ पुन्हा वाढली. रजनीची कंबर चादरी धुऊन धुऊन मोडून गेली होती. कुणी "कसे आहेत सर?" विचारलं, तर "आहेत" एवढंच उत्तर ती द्यायची. त्याहून जास्त बोलायचं तिच्या अंगात त्राण नसायचं.

तिसऱ्यांदा सुरुवात करताना डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "आता मध्ये थांबलो तर चौथ्यांदा उपयोग नाही." आणि त्याच आठवड्यात पुण्याहून एका प्रयोगासाठी डॉक्टर तेजल आल्या. वयाने पोरसवदा, डोळ्यांखाली काळं, सतत घाईत. त्यांच्या थंड पेटीत दह्याचे छोटे छोटे बंद कप होते.

"दही?" सर म्हणाले. "हे तर माझ्या आईनेही सांगतलं असतं."

"तुमच्या आईचं दही किरणांखाली मरतं, सर. हे मरत नाही."

सर बिछान्यावर पडून असले तरी मास्तरच. "काऊन नाही मरत? नीट समजावून सांगा."

तेजलने त्यांच्या उशाशी पडलेला दुपट्टा उचलला. एका टोकाला तो फाटला होता, आणि रजनीने तो रफू करून आणला होता.

"प्रत्येक जिवाणूच्या पोटात एक लांबलचक धागा असतो. डीएनए. त्याला कसं जगायचं ते सगळं त्यात लिहिलेलं. किरण लागला की हा धागा तुटतो. धाग्याला दोन पदर असतात, एकच तुटला तर समोरचा बघून भरून काढता येतो. दोन्ही एकदम तुटले की पंचाईत, कारण तिथे काय होतं हेच कळत नाही. रफूवाला काय करतो? त्याच कापडाच्या आतल्या दुमडीतून धागे काढतो. जिवाणूही तेच करतो. वाढताना त्याने स्वतःच्या धाग्याची आणखी एक नक्कल करून ठेवलेली असते. तुटलेल्या टोकावर प्रथिनांची माळ चढते, आणि ते टोक त्या नकलेवर चाचपडत आपल्यासारखाच मजकूर शोधत फिरतं. सापडला की तिथे शिरतं आणि समोरचं बघून हरवलेला भाग उतरवून घेतं."

"म्हणजे कॉपी."

"कॉपीच."

"आमच्या वर्गात याले शून्य मार्क होते," सर म्हणाले. कित्येक महिन्यांत त्यांनी केलेली ती पहिली थट्टा. रजनी दाराशी उभी होती. तिला हसूही आलं आणि डोळेही भरून आले.

"कधीकधी दोन धागे सोडवताना अदलाबदल होते," तेजल सांगत होती, "याचं शेपूट त्याला, त्याचं याला. त्याला पुनर्संयोजन म्हणतात. आणि जवळ स्वतःची नक्कल नसेल, तर काही जिवाणू शेजारी मेलेल्याचा पडलेला तुकडासुद्धा आत ओढून घेतात. थोडाफार आपल्यासारखा असला म्हणजे झालं. दह्यातल्या साध्या जिवाणूच्या धाग्याचे चार तुकडे झाले की तो संपतो. आम्ही त्याचं हे दुरुस्तीचं प्रथिन बदलून इतकं तगडं केलंय की हा शंभर तुकडे जोडून पुन्हा उभा राहतो. तुमच्या आतड्यात तो किरणांखालीही जिवंत राहील आणि अस्तराला खाऊपिऊ घालत राहील."

मग तिने रजनीकडे वळून नियम सांगितले. रोज एक कप. उरलं तर ते जंतुनाशकाच्या पांढऱ्या कॅनमध्ये ओतायचं, घरच्या दुधाला लावायचं नाही, कुणाला द्यायचं नाही. "हे बाहेर पसरलं तर काय होईल ते आम्हाला पूर्ण माहीत नाही, काकू. म्हणून आम्ही कुलूपही करून ठेवलंय. एक गोळी आहे, ती फक्त आमच्याच प्रथिनाला जाम करते. पण तशी वेळ येऊ देऊ नका. ज्या घरातून हे बाहेर जाईल त्या घराचे कप त्याच दिवशी बंद होतात. तशी परवानगीची अटच आहे."

रजनीने मान डोलावली. तेव्हा तिला चांद आणून द्यायला सांगितला असता तरी तिने मान डोलावली असती.

आणि दही लागू पडलं. पहिल्या दोन बैठका गेल्या, पोट बिघडलं नाही. चौथीनंतर सर उठून बसले. सहावीनंतर त्यांनी कढी मागितली. रजनी स्वयंपाकघरात गेली, ओट्याला टेकून पोटभर रडली आणि मग कढीला फोडणी दिली.

पुढे काय झालं त्यात तिचा हेतू वाईट नव्हता. गाडीवाल्यांचा संप झाला आणि कप यायचे थांबले. पहिल्या दिवशी चाललं. दुसऱ्या दिवशी सरांच्या पोटात पुन्हा कळा सुरू झाल्या. रजनीने शेवटच्या रिकाम्या कपाच्या कडेला बोट फिरवलं, लागलं तेवढं अर्धा लिटर कोमट दुधात कालवलं आणि झाकण ठेवलं. नियम तिला आठवत होता. "दहीच तर आहे," ती स्वतःशी म्हणाली. सकाळी पातेल्यात सुरीने कापावं असं घट्ट दही लागलं होतं. सरांच्या पोटाला ते मानवलं. संप मिटला, कप पुन्हा येऊ लागले, पण पातेल्यातलं दही टाकून द्यायचं तिच्या जिवावर आलं. न जाणो पुन्हा काही अडलं तर?

तेवढ्यात शोभा वाटी घेऊन आली.

"वहिनी, चमचाभर विरजण द्या ना. आमचं तर दुपारीच आंबून जाऊन रायलं. ईश्वरीले कढी पाह्यजे, दिवस भरत आले तिचे, नाही म्हणवत नाही."

ईश्वरी शोभाची एकुलती एक लेक, बाळंतपणाला माहेरी आली होती. रजनीच्या अंगाखांद्यावर वाढलेली. लहानपणी सरांकडे बसून भिंतीवर हत्ती काढायची. तिच्या कढीसाठी विरजण मागायला आलेल्या बाईला नाही म्हणायला रजनीची जीभ वळली नाही. तिने चमचाभर दिलं.

मग ते दही चालू लागलं. अठ्ठेचाळीसच्या उन्हात तिसऱ्या दिवसापर्यंत गोड राहणारं दही म्हटल्यावर ते एका घरात थोडंच राहणार? शोभाकडून समोरच्या बोचऱ्यांकडे, बोचऱ्यांकडून मागच्या गल्लीत, तिथून विद्यार्थ्यांना डबे पुरवणाऱ्या मंगलाबाईंच्या मोठ्या भगोण्यात. कॉलनीत त्याचं नावही पडलं, टिकाऊ विरजण. बायका एकमेकींना आपणच शोध लावल्याच्या थाटात देत होत्या. महिन्याभरात ते इतकं फिरलं की एक दिवस मंगलाबाईच रजनीच्या दारात वाटी घेऊन आल्या, "वहिनी, हे लावून पाहा, लय भारी दही लागते." रजनीने ती वाटी घेतली आणि आभारही मानले. दुसरं काय करणार?

ईश्वरीचं सिझर झालं. मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. बाळ बरं होतं, आई मात्र बरी होईना. टाक्यांत पू झाला आणि ताप चढला तो उतरेचना.

रजनी मऊ भाताचा डबा घेऊन हॉस्पिटलात गेली, तेव्हा शोभा बाहेरच्या बाकड्यावर नातीला मांडीवर घेऊन बसली होती. तिचे केस विंचरलेले नव्हते. तिथले डॉक्टर नुकतेच बाहेर आले होते.

"हा आतड्यातलाच नेहमीचा जंतू आहे, जखमेत शिरलाय," ते शोभाच्या जावयाला सांगत होते. "बाकीच्या औषधांना हे जंतू केव्हाच दाद देईनासे झालेत. आता एकच औषध हातात आहे, ते जंतूच्या डीएनएचे तुकडे करतं. आम्ही देतोय, तुकडे होतातही. पण हा पुन्हा स्वतःला जोडून घेतो. तीस वर्षांत असं पाहिलं नाही. असंच चाललं तर तिच्यापाशी चार-पाच दिवसच आहेत."

शोभाला त्यातलं एवढंच कळलं की डॉक्टरांना काही कळत नाही. रजनीला सगळं कळलं. पुन्हा स्वतःला जोडून घेतो. ती शोभाशेजारी बाकड्यावर बसली आणि तिचे डोळे वाहू लागले.

"तुमी काऊन रडता वहिनी?" शोभा म्हणाली. "तुमच्या घरी काय कमी हाय का रडाले? घरी जा, सर वाट पाहत असतील."

रजनी घरी आली. सर बाहेर खुर्चीत बसले होते. दीड वर्षात प्रथमच ते आधाराशिवाय तिथवर गेले होते.

"भात बरा लागून रायला होता सकाळी," ते म्हणाले. "हे संपलं की शाळेची भिंत रंगवून देतो म्हणून सांगतलं हेडमास्तरले. हसू नको. आता फक्त दहा-अकरा बैठका तर राहिल्या."

ती हसली नाही. पदराने खुर्चीचा हात पुसत राहिली.

तेजलला सांगायचं तर आत्ताच सांगायला हवं होतं. तेही सरांना सांगून, विचारून. पस्तीस वर्षांच्या संसारात तिने पडद्याचं कापडसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय आणलं नव्हतं. रंगाचा माणूस, छटेवरून अडून बसायचे. आणि ही तर त्यांच्या जिवाची गोष्ट. तिने दोनदा तोंड उघडलं. एकदा "पाणी देऊ का?" म्हणाली आणि एकदा "ऊन फार आहे, आत चला."

संध्याकाळपर्यंत ती गप्पच राहिली, आणि गप्प राहण्याचा मोह तिला खरोखर झाला. कुणाला कळणार होतं? चाळीस घरांत ते दही होतं. कुठून निघालं हे आता मंगलाबाईंनाही सांगता आलं नसतं. दहा-अकरा बैठका, म्हणजे दोन आठवडे. दोन आठवडे तोंड बंद ठेवलं की झालं. आणि ईश्वरीपाशी तर चार-पाच दिवसच होते. रजनीला स्वतःची किळस आली. पण किळस आली म्हणून मोह गेला असंही झालं नाही. ती इतकी दमली होती की बरं काय नि वाईट काय, याचा विचार करायलाही तिच्यात जोर उरला नव्हता.

सकाळी तिने सरांना कप दिला. ते चमच्याने निवांत खात होते तेवढा वेळ ती समोर बसून राहिली. मग चप्पल घालून ती रेडिएशनच्या हॉस्पिटलात गेली आणि तेजलला तिथे प्रयोगापुरत्या मिळालेल्या खोलीचं दार ढकललं.

"मी विरजण लावलं," ती म्हणाली. "दिलंही."

तेजलने हातातला पेन खाली ठेवला. "किती घरांत?"

"चाळीस तरी असतील. मंगलाबाईंच्या डब्यांवरची पोरं धरली तर किती, ते देव जाणे." आणि मग तिने ईश्वरीचं सगळं सांगितलं.

तेजल ओरडली नाही. ओरडली असती तर रजनीला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "दह्यातले जिवाणू पोटात मरतातही. त्यांचे तुकडे तिथेच पडतात. आतड्यात आधीपासून राहणारा एखादा जंतू ते उचलतो, आपल्या धाग्यात ओवतो. आमचं तगडं प्रथिन मग त्याचं होतं. हे कागदावर आम्ही मांडलं होतं, घडेल असं वाटलं नव्हतं." ती उठली. "कुलपाची गोळी त्यांच्या औषधाबरोबर दिली तर तो स्वतःला जोडू शकणार नाही. तुमची ईश्वरी वाचेल बहुतेक. मी लगेच फोन करते. इथे कुणाच्या डोक्यात ही गोळी आलीच नसती. पण काकू, मला सगळं वर कळवावं लागेल. सरांचे कप आजपासून बंद. आणि गोळी त्यांनाही घ्यावी लागेल, म्हणजे पोटात आहेत तेही जातील. कळतंय ना तुम्हाला?"

"कळते."

"सरांना विचारलंत?"

"नाही."

तेजलने फोन उचलला.

दुपारी कॉलनीत पांढरे कपडे घातलेली माणसं आली. घराघरांतून पातेली, सट, वाट्या बाहेर आल्या आणि जंतुनाशकाच्या पिंपात रिकाम्या झाल्या. प्रत्येकाला गोळ्या मिळाल्या. कुणी काही विचारायचं ठेवलं नाही आणि रजनीनेही काही लपवलं नाही. बोचरे वहिनी फाटकातून म्हणाल्या, "बाप्पा, आमच्या लेकरांच्या पोटात काय घातलं व तुम्ही?" मंगलाबाईंचे डबे पंधरा दिवस बंद झाले, त्यांनी बघूनही न बघितल्यासारखं केलं.

तिसऱ्या दिवशी ईश्वरीचा ताप उतरला. शोभा संध्याकाळी आली आणि उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली.

"तुमच्या पाया पडू का तुमच्या झिंज्या धरू, मले समजून नाही रायलं," ती शेवटी म्हणाली आणि रडत परत गेली. रजनीला तिचा राग आला नाही. तिलाही समजत नव्हतंच.

घरात सर दोन दिवस एक अक्षर बोलले नव्हते. ती पांढरी माणसं आली तेव्हाच त्यांना सगळं कळलं होतं. गोळ्यांचं पाकीट ताटाशेजारी तसंच पडून होतं. दोन्ही दिवशी तेजलचा फोन आला. दोन्ही दिवशी रजनीने "आज देते" म्हणून सांगितलं आणि दिली नाही. मधल्या काळात एक बैठक झाली. कप बंद असला तरी पोटातले जिवाणू अजून होते, त्यामुळे ती निभावली. गोळी घेतल्यावर पुढची निभावणार नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं: सरांना, रजनीला आणि तेजलला.

शोभा गेल्यावर रजनी आत आली. पाण्याचा पेला घेऊन सरांपाशी बसली. पाकिटातून एक गोळी काढून तिने तळहातावर ठेवली, पण हात पुढे करवेना.

"पोरगी वाचली?" सरांनी विचारलं.

"वाचली. ताप उतरला."

"बरं झालं." ते छताकडे बघत होते. "काऊन नाही विचारलं मले?"

रजनी पेल्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"पडद्याले विचारत होती. सोफ्याच्या खोळीले विचारलं. यालेच काऊन नाही?"

"तुम्ही काय म्हटलं असतं?"

खोटं बोलून मोठेपणा घ्यावा, असा सरांचा स्वभाव नव्हता. मुलांच्या वाईट चित्राला त्यांनी कधी चांगलं म्हटलं नव्हतं.

"नाही म्हटलं असतं," ते म्हणाले. "मले जगायचं होतं, रजनी. थांब म्हटलं असतं. दोन आठवडे थांब, मंग सांग."

"मले माहीत होतं."

"अन् तू थांबली असती."

"थांबले असते," रजनी म्हणाली. "तुमचं आजवर कधी मोडलं का मी? म्हणून नाही विचारलं."

सरांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. खूप दिवसांनी ते इतका वेळ तिच्याकडे बघत होते. मग त्यांनी तिच्या तळहातावरची गोळी स्वतःच उचलली, तोंडात टाकली आणि पेल्यासाठी हात पुढे केला. पाणी प्यायला त्यांना वेळ लागला. थोडं छातीवर सांडलं. रजनीने ते पदराने टिपलं.

"आता जे राहिलं," ते म्हणाले, "थे तरी मले विचारून कर."

"हो," ती म्हणाली. "काय करू जेवाले?"